सहदेवाचं वय आणि पंजाबरावांचा हत्ती

"आमचा सहदेव यंदा एन्ट्रन्स देते!"

खुशालरावांनी अमरावतीच्या कापूसबाजारात भर सकाळी ही आरोळी ठोकली, तेव्हा निम्म्या बाजाराला एन्ट्रन्स ही नव्या बियाण्याची जात वाटली. उरलेल्या निम्म्या बाजारानं भाव विचारला.

बाजाराचं फारसं चुकलं नव्हतं. तिकडे अमेरिकेत भाऊभाऊ आपसात लढत होते आणि त्याचं पीक इकडे वऱ्हाडात येत होतं. विलायतेच्या गिरण्या कापसावाचून उपाशी बसल्या होत्या. काल खांद्यावर घोंगडं टाकून येणारा माणूस आज जरीचा रुमाल बांधून येत होता, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. बोंड फुटायच्या आधी कापसाचा सौदा होई, फूल लागायच्या आधी बोंडाचा होई, आणि काही धाडसी मंडळी पेरणीच्या आधीच विकून मोकळी होत. जो आधी येईल त्याला भाव, एवढं एकच शास्त्र त्या दिवसांत चालत होतं. मग घरातला हुशार पोरगा तरी वेळेवर का पिकू द्यायचा?

त्या दिवशी बाजारात अकोल्याचे पंजाबराव आले होते. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात त्यांचं चौसोपी घर होतं, आणि अमरावतीत जे जे आहे ते अकोल्यात जास्त आहे, असं त्यांचं कायमचं मत होतं.

"एन्ट्रन्स म्हंजे काय असते भाऊ?" त्यांनी विचारलं.

"ममईची परीक्षा. ते पास झाली का कालेजात जाता येते. गोरे सायेब पेपर काढतात. मिशीवाले पोट्टे तिथं आडवे होतात!"

"अन् तुमचा पोट्टा केवढा हाय?"

"अकरा वर्सांचा!"

"खुशालराव, सकायच्या पारीच घेतली का?"

बाजार हसला. खुशालरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "हसा! पास झाला तं काय करान, ते बोला!"

"अकरा वर्सांचं पोट्टं पास झालं," पंजाबराव म्हणाले, "तं त्याले जुन्या शहरातून हत्तीवर मिरवतो! ढोलताशे लावतो, अन् म्या सोता हत्तीच्या म्होरं चालतो, अमरावती अकोल्याहून शहानी हाय, असं वरडत!"

बाजारानं कान टवकारले. हत्तीचं कोणाला काही वाटलं नाही. पण पंजाबरावांच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडायचं म्हणजे मोर्णा उलटी वाहायला हवी होती. ते वाक्य ऐकण्यासाठी खुशालरावांनी आपली काळी जमीनसुद्धा पडीक टाकली असती.

तसा सहदेव खरोखरच चमत्कार होता. पावकी-निमकी-अडीचकी तो उलटीकडून म्हणत असे. दलाल बोटं मोडून हिशेब करी, तोवर हा उत्तर सांगून गोट्या खेळायला पळालेला असे. इंग्रजीत त्यानं अशी मुसंडी मारली होती, की सरकारी शाळेतले बापूसाहेब मास्तर दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या संध्याकाळी घरी दार लावून वाचत. एवढं सगळं असून गोट्यांत हरला की तो रडत असे, आणि चिंचेच्या झाडावरून त्याला खाली उतरवायला गूळ लागत असे.

खुशालराव थेट बापूसाहेबांकडे गेले. बापूसाहेब मूळचे पुण्याचे. वऱ्हाडात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण बदली अजून होईल अशा बेतानं ते खुर्चीच्या टोकावर बसत.

"अहो खुशालराव, मुलाची तयारी आहे, यात वादच नाही. पण वयाची अट आहे. सोळा पूर्ण हवीत."

"सोळा काय?"

"वर्षं! दुसरं काय?"

"पेपर तं डोक्यानं लिवाचा असते नं मास्तर? मंग वय कायले पायजे?"

"ते विद्यापीठाला विचारा. मला प्रतिज्ञेवर दाखला द्यावा लागतो." आपला विद्यार्थी एन्ट्रन्स पास झाला तर बदलीच्या अर्जाला काय वजन येईल, हे बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. "तुम्ही पत्रिका आणा. मी ती वाचेन. ती कोणी लिहिली, कधी लिहिली, हे विचारायची मला सवय नाही."

खुशालरावांना एवढं पुरलं. कापसाच्या बोज्यावर रात्रभर पाणी शिंपडून सकाळी वजन वाढवणारा गाव होता तो. तिथं पोराच्या अंगावर पाच वर्षं शिंपडायला कितीसा वेळ लागणार?

जोशीबुवांनी सहदेवाला अर्ध्या तासात सोळा वर्षांचा केला. कागदाला हळदीचं पाणी लावलं, चुलीवरच्या धुरात धरला, कोपरे जरा कुरतडले. "हं. झाली जुनी." मग ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खुशालराव, तुमची दुर्गा या सहदेवाहून मोठी नं?"

"दोन वर्सांनं."

"मंग तेही पाच वर्सांनं वाढली. आता अठराची झाली."

अठरा वर्षांची बिनलग्नाची लेक घरात आहे, असं कागदावर घालणारा बाप वऱ्हाडात जन्मलेला नव्हता. थोडा खल होऊन असं ठरलं, की दुर्गेनं तेराचीच राहावं. म्हणजे आता सहदेव तिचा थोरला भाऊ झाला.

"याले दादा म्हनाले तिले शिकवा," जोशीबुवा म्हणाले, "उद्या कोनी इचारलं तं पंचाईत नको. अन् वयनीचंबी वय पाहा. सोळाच्या पोराची माय म्हनून ते फार कमी पडते. तहसिलीतल्या लोकाले हिशोब येते."

सहदेवाच्या आईला, मैनाबाईंना, पाच वर्षं लावली. तर त्या खुशालरावांपेक्षा मोठ्या झाल्या! मग खुशालरावांनाही पाच लावावी लागली. दिवस मावळायच्या आत त्या घरावरून पाच वर्षं अशी गेली, जशी टोळधाड जाते. दुर्गा सोडली तर घरातला फक्त बैल होता त्या वयाचा राहिला, कारण त्याला पत्रिका नव्हती.

शेवटी जोशीबुवांनी खुशालरावांची नवी पत्रिका डोळ्यांजवळ धरली आणि जीभ चावली.

"काय झालं?"

"जन्मवेळ हलली, तशी रास बी हलली. तुमची मकर होती, ते आता कन्या झाली. अन् कन्येले तं सध्या साडेसाती सुरू हाय!"

"अहो, पण पत्रिका खोटी हाय नं!"

"तुमाले माहीत हाय. मले माहीत हाय," जोशीबुवा गंभीरपणे म्हणाले. "शनीले कोन सांगते?"

पुढच्या शनिवारपासून खुशालराव वाटीभर तेल घेऊन मारुतीच्या देवळात जाऊ लागले.

घरची गोष्ट निराळीच. मैनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अवो, म्या काल अठ्ठावीसची होती नं?"

"व्हय."

"अन् आज तेहतीस?"

"कागदावर अवं, नुसती कागदावर!"

"कागदावर कावून होईना! मंग मधली पाच वर्सं म्या कुठं होती? त्या पाच दिवाळ्यायची लुगडी कुठं हायेत? काढा पाच लुगडी!"

लुगडी आली. दुर्गेला मात्र लुगड्यानंही पटेना. "म्या याले दादा म्हनू? याचं नाक म्या पुसलं, याच्या उवा म्या काढल्या!"

"दुर्गे, पानी आन," सहदेव ऐटीत म्हणाला.

"सद्या, थोबाड फोडीन!"

"बाबा, पाहा! हे थोरल्या भावाशी कशी बोलून राहिली!"

दुर्गेनं पाणी आणलं. ते त्याच्या हातात न देता डोक्यावर दिलं. मग थोरला भाऊ भोकाड पसरून आईच्या पदरात शिरला.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण जोशीबुवांनी पत्रिकेतलं नवं वय कोणालाही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि प्रत्येकाला सांगताना ते तसं बजावतही होते. बाजाराच्या दिवसापर्यंत साऱ्या तालुक्याला कळलं, की खुशालरावांचा मुलगा सोळाचा आहे. तालुक्यानं लगेच पुढचा प्रश्न काढला. घरात चांदी आहे, पोराला अक्कल आहे, वय सोळा आहे, मग लग्न का नाही? नक्कीच फेफरं येत असेल!

खरंखोटं पाहायला चांदूरचे उत्तमराव उपवर मुलीचे बाप म्हणून दमणी जुंपून दाखल झाले. गूळपाणी झालं. "पोरगा दिसत नाई कुठं?"

"अभ्यास करून राहिला."

तेवढ्यात अंगणातल्या चिंचेवरून एक हिरवी चिंच उत्तमरावांच्या पागोट्यावर पडली. उत्तमरावांनी वर पाहिलं.

"झाडावर?"

"उंचावरचा अभ्यास हाय तो," खुशालराव म्हणाले.

उत्तमरावांनी फांदीवरचे दोन खरचटलेले गुडघे बराच वेळ न्याहाळले. "सोळाचा हाय म्हनता? वाढ खुंटली वाट्टे." ते निघून गेले आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारच्या बायका सहदेवासाठी डिंकाचे लाडू, मेथीचा काढा आणि कोणत्या तरी फकिराचा ताईत आणू लागल्या. लाडू सहदेवानं खाल्ले. काढा खुशालरावांना प्यावा लागला, कारण आणणारी बाई वाटी रिकामी झाल्याशिवाय हलत नसे.

शेवटी परीक्षा आली. खुशालराव, बापूसाहेब आणि सहदेव दमणीनं भुसावळपर्यंत आणि तिथून आगीनगाडीनं मुंबईला पोचले. परीक्षेच्या दारात एक उंच, लाल गोरा साहेब दाखले तपासत बसला होता. त्यानं दाखला पाहिला. मग समोर पाहिलं. समोर कोणीच नव्हतं. मग त्यानं खाली पाहिलं.

"सिक्स्टीन?"

"येस सर," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज पुण्याहून निघाला आणि कल्याणला अडकला.

"मग इतका लहान का?" साहेबानं इंग्रजीत विचारलं.

बापूसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाठ न करता इंग्रजीत उत्तर दिलं. "सर, आमच्या वऱ्हाडात जमिनीचं सगळं सत्त्व कापसात जातं. माणसांना उरत नाही."

साहेबानं मान डोलावली. त्याला हे पटलं. त्यानं विलायतेत कापूसही पाहिला होता आणि आता वऱ्हाडी माणूसही पाहत होता. तेवढ्यात सहदेवाच्या अंगरख्याच्या खिशातून भोवरा घरंगळला आणि साहेबाच्या बुटाशी जाऊन थांबला.

"हे काय?"

"यंत्रशास्त्राचं उपकरण आहे, सर."

साहेबानं उपकरण उचललं, दोरी गुंडाळून फेकून पाहिलं. उपकरण आडवं पडलं. सहदेवाला राहवलं नाही. "असं नाई सायेब, अंगठा इथं ठेवा!" त्यानं भोवरा हातात घेऊन असा सोडला, की तो दारातल्या फरशीवर गुणगुणत उभा राहिला. साहेब दोन्ही गुडघे टेकून पाहत बसला आणि त्याच्यामागे दाखले हातात घेतलेले मिशीवाले उमेदवार रांगेत ताटकळले.

आत बाकावर बसल्यावर सहदेवाचं नाकाखालचं सगळं तोंड मेजाआड गेलं. तेव्हा साहेबानंच दोन जाडजूड कोश आणून त्याच्या खाली ठेवले. त्या दिवशी साऱ्या दालनात सगळ्यात भक्कम पायावर बसलेला उमेदवार तोच होता. पहिला पेपर त्यानं सगळ्यांच्या आधी दिला आणि बाहेर येऊन विचारलं, "बाबा, समुद्र कुठं हाय?"

निकाल आला तेव्हा बापूसाहेब शाळेपासून खुशालरावांच्या घरापर्यंत धावत आले. पुण्याचा माणूस धावू शकतो, हे अमरावतीला त्या दिवशी कळलं.

"पास! खुशालराव, पास!"

खुशालरावांनी त्यांना उचललं. मैनाबाईंनी पाचांपैकी सर्वांत भारी लुगडं नेसलं. दुर्गेनं सहदेवाच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हटलं, "शाबास रे सद्या." खुशालरावांच्या डोळ्यांसमोर मात्र फक्त एक चित्र होतं. अकोल्याचं जुनं शहर, हत्ती, आणि हत्तीपुढे घसा फाडत चाललेले पंजाबराव!

ते सगळ्यांना दमणीत घालून अकोल्याला निघाले. बापूसाहेबांनाही ओढून घेतलं. मोर्णा ओलांडून जुन्या शहराच्या गल्लीत शिरले, तर गल्ली बंद. गल्लीत हत्ती उभा होता! बाळापूरच्या एका जहागीरदाराचा म्हातारा हत्ती पंजाबरावांनी खरोखरच मागवला होता. त्याचे कान दोन्हीकडच्या पडव्यांना लागत होते. ढोलवाले, ताशेवाले, सनईवाले रांगेत होते. गच्च्यांवर बायका उभ्या होत्या. पंजाबरावांच्या ओट्यावर खुर्ची टाकून तहसीलदारसाहेब बसले होते.

खुशालरावांना तहसीलदारसाहेबांचं कौतुक वाटलं. बापूसाहेबांना वाटलं नाही.

"या खुशालराव, या!" पंजाबराव हात जोडून पुढे आले. "म्या बोललो ते केलं. हत्ती हाय, वाजंत्री हाय, घसा बी साफ करून ठेवला हाय. आता एकच इचारतो. शर्त अकराची होती. तहसीलदारसायेबाच्या म्होरं सांगा, पोरगा केवढा हाय?"

ढोलवाल्यानं काठी वर उचलली.

खुशालरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. अकरा म्हणावं, तर हत्ती हलतो. पण त्याच्या मागोमाग एन्ट्रन्सही हलते, आणि प्रतिज्ञेवर दाखला देणारे बापूसाहेब बदलीच्या आधीच तुरुंगात जातात. सोळा म्हणावं, तर... त्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेब हत्तीच्या शेपटाचा बारकाईनं अभ्यास करत होते.

"बाप बोलत नाई," पंजाबराव म्हणाले. "सहदेवबाबू, तू सांग. तुह्यं वय काय?"

"कोनाले सांगू काका?" सहदेवानं विचारलं. "तहसीलदाराले का हत्तीले?"

सारी गल्ली खळखळून हसली. तहसीलदारसाहेबांनी मिशीवर हात ठेवला. हसले नाहीत ते फक्त खुशालराव. वऱ्हाडात आजवर घडली नाही अशी गोष्ट त्यांच्या पोरानं करून दाखवली होती, आणि ती घडलीच नाही असं भर गल्लीत सांगायचं काम दैवानं त्यांच्याच गळ्यात घातलं होतं.

"सोळा," ते सरकीएवढ्या आवाजात म्हणाले.

"जोरानं बोला, मांगच्यायले ऐकू जात नाई!"

"सोळा! सोळा! सोळा!"

"सोळा!" पंजाबरावांनी दोन्ही हात पसरले. "मंग त्यात काय नवल भाऊ? सोळा वर्सांचा पोट्टा पास होनार नाई, तं का बैल पास होईन?"

ढोलवाल्यानं काठी खाली ठेवली. सनईवाल्यानं पानाचा डबा काढला. गच्च्यांवरच्या बायका आत जाऊ लागल्या. बापूसाहेब खुशालरावांजवळ आले आणि त्यांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

इतक्यात खुशालरावांच्या अंगरख्याला खालून हिसका बसला.

"बाबा, आता हत्तीवर नाई का बसाचं?" सहदेवाचा खालचा ओठ थरथरत होता. एन्ट्रन्स, कालेज, अमरावती, अकोला, यातलं त्याला काही नको होतं. तो हत्तीसाठी आला होता.

पंजाबरावांनी त्या ओठाकडे पाहिलं. त्यांना स्वतःला सात नातवंडं होती. "बस रे बस! शर्त हारली, हत्ती थोडाच हारला? फक्त वाजंत्री नाई अन् माह्यं वरडनं नाई."

वरडायला पंजाबरावांची गरजच पडली नाही. हत्ती उठला तसा सहदेव असा किंचाळला की कावळे उडाले. "दुर्गेऽऽ! पाह्य! म्या वर हाय!" त्यानं एका गच्चीवरून वाळत टाकलेली चिंच उचलली, दुसऱ्या गच्चीवरच्या पोराचा पतंग ओढला, हत्तीच्या कानाला धरून "हुर्र" केलं, आणि गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर हत्ती शिंकला तर तो हसून हसून आडवा झाला. दुर्गा खालून धावत होती आणि ओरडत होती, "सद्या, मले घे! सद्या, मले घे!" जुन्या शहरात त्या दिवशी असं एकही माणूस उरलं नाही, ज्याला त्या पोराचं खरं वय कळलं नाही. तहसीलदारसाहेबांनी पाणी मागवलं आणि ते डोळे मिटून प्याले.

खुशालराव ओट्याच्या पायरीवर बसले होते. पंजाबराव त्यांच्या शेजारी येऊन टेकले. इकडेतिकडे पाहिलं, खाकरले.

"खुशालराव, आमचा गोवर्धन हाय नं, पोरीचा पोरगा. नऊ वर्सांचा हाय. लय हुशार हाय तोही."

"बरं मंग?"

"नाई, म्हटलं... तो तुमचा जोशी." पंजाबरावांनी आवाज आणखी खाली आणला. "तो जन्म किती वर्सांपरयंत मांगं नेते?"

त्या दिवशी पहिल्यांदाच खुशालरावांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

"पायजे तितकी नेते पंजाबराव. पन नातू वाढला का त्याची माय वाढते, अन् माय वाढली का आजी. पह्यले घरात वयनीले इचारून घ्या, तिची कितीची तयारी हाय ते!"

पंजाबरावांनी घराकडे मान वळवली. हत्ती चक्कर मारून परत आला होता आणि ओट्यावरचं कुरडयांचं सूप त्यानं सोंडेत धरलं होतं. त्या सुपाचं दुसरं टोक पंजाबरावांच्या बायकोच्या, पार्बताबाईंच्या हातात होतं. पदर खोचून, पाय रोवून त्या ओढत होत्या, आणि हत्ती हळूहळू त्यांच्याकडे सरकत होता.

"राहू द्या," पंजाबराव म्हणाले. "होऊ द्या त्याले सोळाचा."